मापं घेण्याआधी

अजूनही कुठल्या टेलरने माझ्या खांद्यावर टेप ठेवली की मी क्षणभर थांबते. आता हा आधी काहीतरी सांगेल असं वाटतं. तो काही सांगत नाही, मुकाट्याने आकडे लिहून घेतो, आणि मग लक्षात येतं की ही सवय आपल्याला चौगुले मास्तरांनी लावली आहे.

आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आलो त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी नवऱ्याच्या, प्रशांतच्या, व्हिसावर आलेले. मला नोकरीची परवानगी नव्हती. नागपूरला सहा वर्षं शाळेत शिकवलं होतं आणि इथे टाउनहाउसच्या खिडकीत बसून शेजाऱ्याची गाडी कधी निघते नि कधी येते यावर लक्ष ठेवत होते. त्या काळात फ्रीमाँटमध्ये कढीपत्ता मिळायचा, डोसा मिळायचा, अगदी अळूची पानंसुद्धा मिळायची, पण ब्लाउज शिवून मिळायचा नाही. भारतात जाणारा माणूस दिसला की आम्ही बायका त्याच्या बॅगेत ब्लाउजपीस कोंबायचो, मापाला जुना ब्लाउज द्यायचो, आणि चार महिन्यांनी जे परत यायचं ते हमखास दंडात रुतायचं. २००२च्या जानेवारीत माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, नवी चंद्रकळा होती आणि ब्लाउज नव्हता. ग्रोसरीच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, अगं, त्या लाँड्रीच्या शेजारी एक मराठी टेलर बसतो, जाऊन तर बघ.

दुकान डोनटवाला आणि लाँड्री यांच्या मध्ये होतं. पाटीवर इंग्रजीत ‘चौगुले अँड हार्पर’, आणि खाली हाताने रंगवलेलं मराठीत, ‘कपडे शिवून मिळतील’. आत पंचेचाळिशीचा एक ठेंगणा गृहस्थ उभा. गळ्यात दोन गोष्टी लोंबत होत्या, टेप आणि दोरीला बांधलेला चष्मा. मागे खिडकीपाशी एक उंच, पांढऱ्या दाढीचा अमेरिकन मान खाली घालून काज करत बसला होता. मी कापड दाखवलं, शनिवारपर्यंत हवाय म्हणून सांगितलं. मास्तरांनी कापड उजेडात धरून पाहिलं, कडेने बोट फिरवलं, चष्मा लावला, टेप हातात घेतली आणि पुन्हा गळ्यात टाकली.

“ताई, मापं घेण्याआधी एक सांगतो. ते बसलेत ते ग्लेन. आमच्या दोघांचा संसार आहे, नऊ वर्षं झाली. पाटीवरचं दुसरं नाव त्यांचंच. हे ऐकून शिवायचं नसेल तर काही हरकत नाही, चहा घेऊन जावा. नंतर कुठूनतरी कळलं म्हणून शिवलेला कपडा परत आला की मला त्रास होतो.”

मी मोठ्या मनाची म्हणून थांबले असं सांगायला मला आवडलं असतं. खरं कारण शनिवार होता. शिवाय मला काय बोलावं ते सुचत नव्हतं, आणि न सुचणारं माणूस असतं तिथेच उभं राहतं. मास्तरांनी माझ्या गप्प राहण्याचा अर्थ होकार असा घेतला आणि टेप खांद्यावर ठेवली. शुक्रवारी ब्लाउज मिळाला. घालून आरशात पाहिलं तेव्हा अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच मला मी ओळखू आले. हे जरा अति वाटेल, पण तसंच झालं होतं.

मास्तरांची हकीकत मला पुढे तुकड्यातुकड्याने कळली. ते इचलकरंजीचे. वडिलांचे चार यंत्रमाग. मुलगा टेक्स्टाइल इंजिनिअर झाला, एमेस करायला इकडे आला आणि कापड सोडून चिपमध्ये शिरला. बारा वर्षं सांता क्लाराच्या एका कंपनीत होते. २००१ साली मंदी आली, एका सकाळी त्यांच्या अख्ख्या ग्रुपला खोके हातात देऊन घरी पाठवलं. ग्रीनकार्ड तोवर झालं होतं, तेवढं नशीब. बाकीच्यांनी रेझ्युमे पाठवले, मास्तरांनी दोन शिलाई मशिनं आणली. मी एकदा विचारलं होतं, वाईट नाही वाटलं? तर म्हणाले, “वाटलं की. पण बारा वर्षांत मी काय केलं ते माझ्या आईला कळलं नव्हतं. आता निदान सांगता तरी येतं.”

ग्लेन हॉस्पिटलात नर्स होते, मास्तरांपेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. सुट्टीच्या दिवशी दुकानात यायचे आणि काज, हूक, अस्तर असली बारीक कामं करायचे. टाके घालायची सवयच आहे त्याला, असं आमच्या बायका म्हणायच्या. मराठीतले सात-आठ शब्द ग्लेनना येत होते आणि ते सगळे शिवणकामातले. त्यातला लाडका ‘उसवा’. फिटिंग चुकलं, उसवा. चहात साखर जास्त पडली, उसवा. टीव्हीवर राष्ट्राध्यक्षांचं भाषण सुरू झालं की हातातली सुई खाली न ठेवता, उसवा. मास्तर हसायचे नाहीत, फक्त त्यांचा चष्मा हलायचा.

प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला मापं घेण्याआधी ते सांगायचे. शब्द तेच, आवाज तोच. काहीजणी चहा न घेताच जायच्या. एक बाई दारापर्यंत जाऊन परत आल्या आणि म्हणाल्या, माझं माप तुम्ही नका घेऊ, त्यांना घेऊ दे, ते नर्स आहेत. मास्तरांनी टेप ग्लेनच्या हातात दिली. ग्लेनना इंच कळायचे, पण मुंढा म्हणजे काय ते कळेना. शेवटी मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि तिकडून सांगत गेले, आता बगलेपाशी, आता जरा खाली. तो ब्लाउजही उत्तम झाला, आणि पुढच्या वेळी बाई मुकाट्याने मास्तरांसमोर उभ्या राहिल्या.

मापांची त्यांची एक वही होती, लांबट, कापडी बांधणीची. आकडे मराठीत, शेजारी शेरे. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, ‘डावा खांदा किंचित खाली, मूल कडेवर घेतात.’ कुणापुढे ‘बोलताना हात फार हलवतात, बाही सैल’. वहीमुळे कुणाला दिवस गेलेत, कुणाची तब्येत उतरली, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं आणि त्यांच्याकडून कुणालाही कळायचं नाही. जाड हा शब्द त्यांच्या दुकानात नव्हता. वर्षाने आलेली बाई शिलाया उसवायला सांगू लागली की ते कापड चाचपून म्हणायचे, कापड आटलंय. पॉलिस्टरसुद्धा त्यांच्याकडे आटायचं.

प्रत्येक कपड्याच्या आत, मानेपाशी, ते एक सुती पट्टी शिवायचे. तिच्यावर देवनागरीत दोन नावं, जयवंत – ग्लेन. आमच्यातल्या बऱ्याचजणी घरी गेल्यावर नखं कापायच्या कात्रीने ती पट्टी उसवून टाकायच्या. मीही एकदा टाकली आहे. नणंदेच्या लग्नाला नागपूरला जायचं होतं, तिथे सासूबाई कपडा उलटून शिलाई बघतात. तो ब्लाउज पुढे हूक लावायला मास्तरांकडे गेला. कपडा हातात आला की ते सगळ्यात आधी मानेपाशी बघायचे. त्यांनी बघितलं आणि ब्लाउज ठेवून घेतला. हूक लावून ब्लाउज परत आला तेव्हा आत नवी पट्टी शिवलेली होती. मी ती पुन्हा काढली नाही, एवढंच सांगू शकते.

मास्तरांच्या दुकानाला वर्षात दोन सुगी. एक जूनमध्ये. सॅन फ्रान्सिस्कोत मास्तर-ग्लेनसारख्या लोकांची, ‘प्राइड’ नावाची मोठी मिरवणूक निघते, तेव्हा कुठल्या कुठल्या कंपन्यांतले गट येऊन साठ-सत्तर जॅकिटं शिवून घ्यायचे, मास्तरांच्या पाठीवर थापा मारायचे, तुमच्यासारख्यांच्या दुकानातूनच आम्ही घेतो म्हणायचे आणि जुलै उजाडला की दिसेनासे व्हायचे. दुसरी सुगी आमची, गणपती ते दिवाळी. त्यानंतर दुकानात इतकी शांतता, की लाँड्रीतली यंत्रं ऐकू यायची. जानेवारी संपता संपता भाड्याची काळजी मास्तरांच्या चेहऱ्यावर दिसू लागायची.

“जूनमध्ये टाळ्या वाजवतात, गणपतीत रांग लावतात,” ते मला एकदा म्हणाले. “चांगलंच आहे. पण ताई, माणूस फेब्रुवारीतही जेवतो. फेब्रुवारीत या की कधीतरी.”

फेब्रुवारीत मी काय शिवून घेणार? तर म्हणाले, उशांचे अभ्रे शिवा, पडद्याला झालर लावा, काही नसेल तर फाटलेलं काहीतरी आणा. मी गेले. त्यानंतर दर फेब्रुवारीत जायचे, आणि मधूनमधूनही. फेब्रुवारीतले मास्तर निराळे असायचे. हातात काम थोडं, त्यामुळे बोलणं जास्त. स्टीलच्या पेल्यात चहा, खुर्चीवर कपड्यांचा ढीग असेल तर तो उचलून मला जागा. असंच एकदा ते जांभळ्या खणाचा ब्लाउज कापत होते. कुणाचा, विचारलं, तर म्हणाले, आईचा.

आईचं माप त्यांच्याकडे १९८७ सालचं होतं, घर सोडलं त्या वर्षीचं. पुढे ग्लेनबद्दल त्यांनी घरी पत्राने कळवलं, तेव्हापासून तिकडून पत्र नाही, फोन नाही. तरी दर वर्षी एक ब्लाउज शिवून पाठवायचे. जुन्या मापात अंदाजाने फरक करायचे. यंदा सत्तरी आली, खांदे उतरले असतील. यंदा पाठीला बाक आला असेल, मागची बाजू अर्धा इंच वाढवू. पोहोचतात का, मी विचारलं. “पोच कधी आली नाही. पण पार्सल परतही आलं नाही. म्हणजे कुणीतरी घालत असेल बघा,” असं म्हणून त्यांनी कात्री चालवली.

मग २००४चा फेब्रुवारी आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये दोन पुरुषांना, दोन बायकांना लग्नाचे परवाने द्यायला लागले आणि लोकांनी रांगा लावल्या. मास्तर आणि ग्लेन पावसात रांगेत उभे राहिले. मास्तरांनी दोघांना कुडते शिवले होते आणि ग्लेनच्या डोक्याला कोल्हापुरी फेटा बांधला होता. आधीच सहा फूट माणूस, त्यावर फेटा, कुठल्याही फोटोग्राफरची नजर जाणारच. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मी पेढे घेऊन दुकानात गेले. लग्नाचा दाखला फ्रेम करून मशिनच्या वर लावलेला होता. मास्तरांनी पेढा ग्लेनच्या तोंडात घातला आणि पहिल्यांदाच मला ते लाजताना दिसले.

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत अडतीस बायकांचं लेझीम बसवायचं ठरलं होतं. अडतीसजणींना शिवलेल्या नऊवारी हव्या होत्या. त्या मास्तर शिवणार हे आम्ही सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं, मास्तरांनीही. त्यांनी इचलकरंजीहून हिरव्या सुती कापडाचे, लाल काठांचे तागे मागवूनसुद्धा ठेवले. हे काम मिळालं तर पुढचा जून येईपर्यंत दुकान तरतं, असं ग्लेन मला म्हणाले होते.

एप्रिलमध्ये कमिटीची मीटिंग झाली, सुलभाताईंकडे. सुलभाताई मंडळाच्या अध्यक्ष. प्रेमळ बाई, कुणाकडे बाळंतपण असलं की डिंकाचे लाडू त्यांचेच. त्या म्हणाल्या, “माझा काही विरोध नाही हं. त्यांनी आपल्या घरी काय करायचं ते करावं. पण आता पेपरात फोटो आला. स्टेजवरून आभार मानायचे, मुलं विचारणार हे दोघं कोण म्हणून. यंदा पुण्याहून मागवू या. कुणाची हरकत आहे का?”

मी हातातल्या बशीकडे बघत होते. बशीला निळी किनार होती, ती अजून आठवते. मला कुणाची भीती नव्हती. प्रशांतच्या नोकरीला धोका नव्हता, मला कुणी वाळीत टाकणार नव्हतं. मला फक्त त्या दिवाणखान्यात एकटीने वेगळं बोलायचं नव्हतं. हरकत कुणाचीच निघाली नाही. मग प्रश्न आला मापांचा. अडतीसजणींची मापं पुण्याला कशी कळवायची? सुलभाताई म्हणाल्या, मास्तरांच्या वहीत सगळी असतील, मेधा आणेल, तिचं तिथे येणंजाणं आहे.

आणि मी गेले. काय सांगितलं? मंडळाला यादी हवी आहे, एवढंच. शब्दशः खोटं नव्हतं. मास्तरांनी दोन दिवस मागितले आणि कोऱ्या कागदांवर अडतीसजणींची मापं स्वच्छ अक्षरात उतरवून दिली. शेरेसुद्धा उतरवले होते. ‘गुडघा दुखतो, काष्टा थोडा वर.’ ‘उजव्या हाताने लेझीम, बाही मोकळी.’ कागद माझ्या हातात देत म्हणाले, “बरं झालं ताई, कामाला लवकर लागता येईल.”

मी त्यांना सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, मे महिन्यात नाही, जूनमध्ये तर ते कामात होते म्हणून नाही. जुलैत त्यांनी दोनदा फोन केला, कापायला कधी घेऊ? कमिटीचं ठरायचंय, मी म्हणाले. मग मी त्या रस्त्याने जाणंच सोडलं. दूध आणायला दोन मैल लांबच्या दुकानात जायचे. ऑगस्टमध्ये कोर्टाने सॅन फ्रान्सिस्कोतली ती सगळी लग्नं रद्द ठरवल्याची बातमी आली, तेव्हाही मी फोन उचलला आणि खाली ठेवला.

नऊवारी पुण्याहून सप्टेंबरच्या सुरुवातीला आल्या. शाळेच्या हॉलमध्ये सगळ्याजणी घालून उभ्या राहिल्या आणि पहिल्याच ठेक्याला तिघी अडखळल्या. झाडून सगळ्या नऊवारी सैल. कंबर तीन-तीन इंच ढिली, काष्टा जमिनीला लागतोय, ब्लाउज खांद्यावरून घसरतोय. कार्यक्रमाला बारा दिवस होते. पुण्याच्या टेलरला शिव्या घालून झाल्या. मग सुलभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मास्तरांना विचारतेस का?

आम्ही चौघी मोठमोठ्या पिशव्या घेऊन दुकानात शिरलो. मी पुढे. शेल्फावर ते हिरवे तागे तसेच रचलेले होते. दाखल्याची फ्रेम भिंतीवर तशीच होती. मास्तरांनी पहिली नऊवारी बाहेर काढली, टेबलावर पसरली, सवयीने तिच्या ब्लाउजाच्या मानेपाशी बघितलं, तिथे पुण्याच्या टेलरची पट्टी होती. मग कमरेला टेप लावली. एक आकडा पुटपुटले, वही उघडून बघितलं, दुसरी नऊवारी घेतली, पुन्हा टेप. तिसरीला त्यांना सगळं कळलं.

“ही माझी मापं आहेत,” ते म्हणाले. “मी अंगाचं माप लिहीत नाही. शिवून तयार कपडा किती भरायला हवा ते लिहितो. सैलपणा त्यातच धरलेला असतो. त्यांनी वर पुन्हा सैलपणा सोडला. त्यांची काही चूक नाही.”

सुलभाताईंनी घसा साफ केला आणि मास्तर, जमेल का, एवढंच विचारलं. मास्तरांनी पिशव्यांकडे पाहिलं, मग भिंतीपाशी बसलेल्या ग्लेनकडे. “ग्लेन,” ते म्हणाले, “उसवा.” त्या वेळी कुणाला हसू आलं नाही, ग्लेननाही नाही.

नऊ दिवस दोघांनी दुसरं काही केलं नाही. ग्लेननी हॉस्पिटलातून रजा काढली. अडतीस नऊवारी उसवल्या, कापल्या, पुन्हा शिवल्या. आपली पट्टी त्यांनी एकीतही लावली नाही. न्यायला मी एकटीच गेले. घड्या करून, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी टाचून ठेवल्या होत्या. मी काहीतरी बोलायला लागले. मास्तरांनी हाताने थांबवलं.

“पुण्याहून मागवलंत त्याचं मला एवढं काही नाही,” ते म्हणाले. “असं पूर्वीही झालंय. पण मापं न्यायला तुम्ही आलात. दुसरं कुणी आलं असतं तर मी विचारलं असतं, कशाला पाहिजेत. तुम्हाला विचारलं नाही.”

त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी माफ करा म्हणाले. ते बरं म्हणाले आणि पिशव्या गाडीत ठेवायला मदत केली. घरी येऊन गाडी गॅरेजमध्ये लावली आणि तिथेच बसून पोटभर रडले. लेझीम फार सुंदर झालं. सुलभाताईंनी स्टेजवरून सगळ्यांचे आभार मानले, ढोलवाल्यांचे, शाळेचे, आणि इतक्या लांबून इतकं सुबक शिवून पाठवल्याबद्दल पुण्याच्या कारागिरांचेही. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

त्यानंतर बायका दुकानात कमी होत गेल्या. कुणी ठरवून नाही. ज्या माणसाशी आपण वाईट वागलो त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहून हात वर करून माप द्यायचं, हे जमेना. पुन्हा ब्लाउजपीस बॅगांतून पुण्याला जायला लागले आणि दंडात रुतणारे ब्लाउज परत यायला लागले. मी जायचे. पण मास्तर आता माझ्याशी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलायचे. नीट, अदबीने, कामापुरतं. चहा मिळायचा. आईच्या ब्लाउजाबद्दल मी एकदा विचारलं, तर हो, पाठवला, म्हणाले. हिरव्या ताग्यांतून त्यांनी कुणासाठी पडदे शिवले, कुणासाठी टेबलक्लॉथ, तरी तागे संपत नव्हते.

२००७च्या फेब्रुवारीत मी अभ्र्यांचं कापड घेऊन गेले तर दुकानाच्या जागी मोबाइल दुरुस्तीवाला होता. लाँड्रीतली बाई म्हणाली, ते तर सप्टेंबरातच गेले. सप्टेंबर म्हणजे ऐन गणपतीत. वर्षभर येणारी म्हणून मी स्वतःवर खूश असायचे, आणि मधले पाच महिने मी तिकडे फिरकलेच नव्हते. फोन लावला, तो बंद झाला होता. कापड हातात घेऊन मी डोनटच्या दुकानात बसले आणि काहीच न घेता उठले.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते २००८च्या जूनमध्ये, तेही दोनदा. एका मोठ्या दुकानात मी मुलासाठी मोजे घेत होते आणि पलीकडे पुरुषांच्या शर्टांपाशी मास्तर उभे होते. हातात दोन पांढरे शर्ट, प्लॅस्टिकमध्ये, टाचण्या लावलेले. केस बरेच पिकले होते. मला वाटलं, आपल्याला बघून ते वळतील, पण ते जागेवरच थांबले. म्हणाले, सॅन होजेला एका ड्रायक्लीनरकडे काम करतो, पँटी आखूड करायच्या. ग्लेनचा हात थरथरायला लागलाय, हॉस्पिटल सोडावं लागलं, काज तर केव्हाच थांबलं. मशिनं विकून टाकली. मग शर्टांकडे बघून जरा ओशाळल्यासारखे हसले.

“गुरुवारी परत लग्न करतोय,” म्हणाले. “आता अख्ख्या कॅलिफोर्नियात चालतं म्हणे. मागचं टिकलं नाही ना.”

मी येऊ का, असं मी विचारलं. का विचारलं ते मला माहीत आहे. मास्तरांनाही माहीत असावं. त्यांनी थोडा विचार केला. “या की,” ते म्हणाले. “एक साक्षीदार लागतोच.”

गुरुवारी काउंटीच्या ऑफिसात बरीच गर्दी होती. जोडपी, फुलं, कुणाची आई, कुणाची मुलं. मास्तर आणि ग्लेन बाकावर शेजारी शेजारी बसले होते. मास्तरांच्या शर्टाच्या बाह्या अर्धा इंच लांब होत्या आणि पुठ्ठ्यावरच्या घड्या पाठीवर तशाच उमटलेल्या होत्या. ग्लेनचा हात मांडीवर थरथरत होता, त्यावर मास्तरांनी आपला हात ठेवला होता. मी दोन हार नेले होते, पण पिशवीतून बाहेर काढायचा धीर होईना. मास्तरांकडचं दुसरं कुणी नव्हतं. नाव पुकारलं, आम्ही उभे राहिलो. पाच मिनिटांत सगळं झालं. ग्लेननी सही करताना बराच वेळ घेतला आणि सगळे थांबले.

मग खिडकीतल्या मुलीने कागद माझ्याकडे सरकवला. गोड मुलगी होती, सकाळपासून हेच करत असणार, तरी हसत होती. तिने माझ्याकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं, आमचे दोघांचे रंग, दोघांचे चेहरे.

“फॅमिली?” तिने विचारलं.

मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं.

“नो,” मास्तर म्हणाले. शांतपणे, एखाद्याचा पत्ता सांगावा तसं. “कस्टमर.”

मुलगी हसली, वॉव म्हणाली, आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. मी सही केली.